बेचाळिसाव्या वर्षी नवा व्यवसाय

आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत व्यवसाय बदलण्याची भाषा फारशी कोणी करीत नसे. आजोबा हिशेबखात्यात, म्हणून वडील हिशेबखात्यात, आणि मुलालाही तेथेच चिकटवून द्यायचे, हा क्रम. दरबारची नोकरी आपण होऊन सोडणारा म्हणजे डोके फिरलेला. पण न मागताही बदल यायचा तो आलाच. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही नव्या मध्य प्रदेशात जाऊन राजधानी भोपाळला झाली. पन्नाशीला आलेल्या कारकुनांनी नवे नियम, नवे साहेब आणि नवे गाव मुकाट्याने पत्करले. तो बदल वरून आला होता, म्हणून त्याला कोणी नाव ठेवले नाही. तेच एखाद्याने स्वखुशीने करायचे म्हटले, की घरात चार दिवस कोणी धड जेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका प्रकरणी मला लांजीस जावे लागले. लांजी बालाघाट जिल्ह्यात आहे. गोंदियाकडून आमगाववरून रस्ता जातो. एके काळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता. १९५६ च्या त्याच पुनर्रचनेत नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गावात जुना किल्ला आहे, कोटेश्वराचे देऊळ आहे, भोवती धानाची शेते आहेत. बाजारात उभे राहिले तर हिंदीबरोबर पोवारी आणि मराठीही कानांवर पडते.

माझा भाचा तेथे एका बँकेत नोकरीस आहे. वय बेचाळीस. ग्वाल्हेरच्या घरावर कर्ज, मुलगी दहावीत. लहानपणी तो गाणे शिकला होता, ते नोकरीच्या फेऱ्यात मागे पडले. लांजीस बदली झाल्यावर पहिल्याच रोवणीच्या दिवसांत त्याने चिखलात वाकून गाणाऱ्या बाया ऐकल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी तो गावोगाव ती गाणी टिपून घेत हिंडतो. आता म्हणतो, नोकरी सोडतो, हीच गाणी गोळा करतो आणि पोटापुरत्या शिकवण्या करतो. माझ्या बहिणीने मला पाठविले ते त्याचे मन वळवावे म्हणून.

पहिल्याच रात्री त्याने माझ्यापुढे तीन जाड वह्या ठेवल्या. बँकेच्या खातेवहीसारख्या रेघा आखलेल्या. तारीख, गाव, गाणारी कोण, हाताला काम कोणते चालू होते, चाल कशी, आणि शेवटी शेरा. एक घर रिकामे नाही. तोंडपाठ करून आणलेला उपदेश मला तेथेच गिळावा लागला, कारण वह्या पाहताना मला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवले.

भातखंडे मूळचे वकील. जन्म १८६० चा, कायद्याची पदवी १८८७ ची. काही काळ कराचीस आणि मग मुंबईस त्यांनी वकिली केली. संगीताचा नाद त्याआधीपासूनचा. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे ते १८८४ पासून सभासद होते. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेत हिंडले, विद्वानांना आणि उस्तादांना बारकाईने प्रश्न विचारीत व उत्तरे रोजनिशीत उतरवीत. वकिली सुटली ती १९१० च्या सुमारास, म्हणजे पन्नाशीत. त्याच वर्षी ‘लक्ष्यसंगीत’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ निघाला.

आपण म्हणतो, त्यांनी वकिली सोडली. त्यांचे काम पाहिले म्हणजे ती सुटली कोठे, असे वाटते. एका रागाबद्दल चार घराण्यांची चार मते असली, तर प्रत्येकाची साक्ष घ्यायची, जुन्या ग्रंथांचा पुरावा पाहायचा, आणि आज प्रत्यक्ष गातात काय यावर निकाल द्यायचा. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मराठी ग्रंथ तर प्रश्नोत्तरांच्याच रूपात आहे. रागांची दहा थाटांत केलेली विभागणी आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग पाहिले, की कायद्याची कलमे लावणारा हातच दिसतो.

ग्वाल्हेरकरांना याचा दुसरा अंकही ठाऊक आहे. माधवराव शिंदे सरकारांनी येथील काही गवयांना मुंबईस भातखंड्यांकडे शिकायला पाठविले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. वय पस्तिशीच्या घरात. घराण्याची तालीम घेतलेल्या माणसांनी फळ्यावर स्वरलिपी लिहून वर्ग कसा चालवावा, हे नव्याने शिकून घेतले. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, ते या शिदोरीवर.

हे सारे मी भाच्याला सांगितले. पण दुसरी बाजूही सांगितली. भातखंड्यांची पत्नी १९०० साली आणि मुलगी १९०३ साली वारली होती. त्यांच्या निर्णयाने कोणाच्या ताटातली भाकरी कमी होणार नव्हती. संसार असताना उडी घेणारे दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रकार, मग छपाईच्या धंद्यातले. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, तेव्हा वय त्रेचाळीस. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई त्यांच्याबरोबर राबल्या. घरच्या माणसाने ‘हो’ म्हटल्यावाचून ते झाले नसते.

माझी भाचेसून इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “मामा, यांना एवढेच विचारा, आपल्या घराला महिन्याला किती लागतात?” लोकांच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या भाच्याला तो आकडा सांगता येईना.

मग त्याच वह्यांतली एक कोरी घेतली आणि आम्ही तिघे बसलो. कर्जाचे हप्ते, मुलीचे शिक्षण, दवाखाना, ग्वाल्हेरच्या घराची डागडुजी. पहाटे दोनच्या सुमारास बेरीज लागली. नोकरी आणखी तीन वर्षे करायची. कर्ज फिटले पाहिजे आणि वर्षभराचा खर्च बाजूला पडला पाहिजे. तोवर रविवार गाण्यांचे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणी आतापासूनच सुरू करायची, म्हणजे विद्यार्थी टिकतात की नाही ते कळेल. तीन वर्षांनी आकडे जुळले, तर राजीनामा देताना कोणाची परवानगी मागायची नाही.

परत आल्यावर बहिणीने विचारले, “समजावलंस ना त्याला?” मी तिच्यापुढे त्या हिशेबाची नक्कल ठेवली. तिने ती दोनदा वाचली आणि विचारले, “यात माझी पेन्शन का धरली नाही?”