श्वास विसरायला लावणारे औषध

विद्यार्थीमित्रहो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. खुर्चीवर नीट बसा (पाण्यात हा प्रयोग मुळीच करायचा नाही), श्वास रोखा आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहा. तीस-चाळीस सेकंद गेले, की छातीत तगमग सुरू होते आणि थोड्याच वेळात तुम्ही हार मानता. ही घाई शरीराने का केली? प्राणवायू संपला म्हणून? नाही. एवढ्या वेळात तो फारसा कमी होत नाही. वाढतो तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ही वाढ चटकन जाणवते, आणि तेथून श्वासाच्या स्नायूंना हुकूम सुटतो.

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिला असेल. पाणी उतरले की चेंडू खाली येतो आणि नळ उघडतो. कोणी पहारा करावा लागत नाही. आता समजा, कोणी तो चेंडू दोरीने वरच बांधून ठेवला. टाकी रिकामी होत जाईल, पण नळाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

अफूच्या कुळातली औषधे प्रमाणाबाहेर शरीरात गेली, की असेच होते. मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन, फेंटानिल ही सारी याच कुळातली. मेंदूतल्या पेशींवर या रेणूंसाठी जणू कुलपेच असतात. त्यांना ग्राही म्हणतात, आणि त्यांचा शोध १९७३ साली लागला. किल्ली कुलपात बसली की वेदना शमते, झोप येते. पण तशीच कुलपे श्वासाच्या केंद्रातही आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो, आणि तरीही तगमग होत नाही. माणूस धडपडत नाही, ओरडत नाही. शांत झोपल्यासारखा दिसतो. म्हणूनच शेजारी बसलेल्यांना काही कळत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन निजवत. त्यांतली काही बाळे उठलीच नाहीत, ती याच कारणाने.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण समजले ते घरी. काही वर्षांपूर्वी माझे वडील कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. वेदनेसाठी मॉर्फीनच्या गोळ्या चालू होत्या. (या औषधाला मी वाईट म्हणणार नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत त्याने वडिलांना कितीतरी रात्री सुखाची झोप दिली.) एका संध्याकाळी एक गोळी मी दिली, आणि मला न विचारता दुसरी बहिणीने दिली. चूक आम्हा दोघांचीच. रात्री ते जोरजोराने घोरू लागले. आई म्हणाली, "चला, आज गाढ झोप लागली." मला ते घोरणे वेगळे वाटले. मधेच खंड पडे, मग घरघर. मी घड्याळ लावून श्वास मोजले : मिनिटाला सात. निरोगी प्रौढ माणसाचे साधारण बारा ते वीस असतात. पापणी उचलून पाहिली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळसर. सावळ्या माणसाच्या ओठांचा रंग राखेसारखा दिसतो, म्हणून नखे आणि हिरड्याही पाहाव्यात. हाका मारल्या, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळले. ते जागे होईनात.

बहिणीने १०८ला फोन केला. शेजारचे काका लिंबूपाणी घेऊन धावत आले. त्यांना थांबवावे लागले, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकते. गार पाणी शिंपडणे, उभे करून चालवणे यांतही वेळच जातो. वडिलांचा श्वास मंद, पण चालू होता. म्हणून आम्ही त्यांना कुशीवर वळवले आणि हाका मारत राहिलो.

श्वास थांबलाच, तर? माणसाला उताणे निजवून डोके मागे कलवावे, हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि दर पाच-सहा सेकंदांनी तोंडाने एक फुंकर आत सोडावी, छाती वर येईल इतकी. तुम्ही विचाराल, आपला उच्छ्वास म्हणजे वापरलेली हवा, तिचा काय उपयोग? बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात अजून १६-१७ टक्के उरतो. तेवढा पुरतो. प्राणवायूविना मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते, गाडी यायला त्याहून वेळ लागतो. नाडीही लागत नसेल, तर फोनवरचा माणूस सांगेल तसे छातीवर दाब द्यावेत. मोठे माणूस जवळ असेल तर त्याला आधी हाक मारा.

रुग्णालयात वडिलांना नॅलोक्झोनचे इंजेक्शन थोडे थोडे करून दिले. नॅलोक्झोन ही मजेदार किल्ली आहे. ती कुलपात घट्ट बसते, आधीच्या किल्लीला हुसकावते, पण स्वतः फिरत नाही. काही मिनिटांत वडिलांनी डोळे उघडले. मी त्यांना घरी न्यायला निघालो, तर डॉक्टर म्हणाले, "बसा, सर. तुम्ही तर अर्धायुकाल शिकवता ना?" नॅलोक्झोनचा अर्धायुकाल जेमतेम तासाभराचा. ते ओसरले आणि मॉर्फीन शिल्लक असले, तर रुग्ण पुन्हा झोपेत बुडू शकतो. आम्ही रात्रभर तिथेच थांबलो. फेंटानिल मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट प्रभावी. मुख्यतः बेकायदा बनवलेल्या फेंटानिलमुळे अमेरिकेत २०२२ साली अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेचे ८०,००० हून अधिक बळी गेले. तेथे २०२३ पासून नॅलोक्झोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी आहे.

धोका कधी वाढतो? या गोळ्यांबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर. आणि व्यसनी माणूस काही आठवडे नशेपासून दूर राहून पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतो तेव्हा, कारण शरीराची सवय तोवर मोडलेली असते. अशा माणसाला दवाखान्यात नेताना त्याने काय घेतले ते लपवू नका. रिकामी पट्टी बरोबर न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही भिंतीवर एक कागद लावला : वेळ, गोळी, देणाऱ्याची सही. गोळ्या कुलपात गेल्या, कारण घरात माझी चार वर्षांची भाची होती. पुढे वडिलांना त्वचेवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी सुरू झाली. काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि जपून ठेवायची. वडील गेल्यावर उरलेल्या गोळ्या आणि पट्ट्या मोजून जेथून आणल्या होत्या तेथे आम्ही परत केल्या.