आधी धाब्यावरचे ओझे उतरवा

शिरूर कासारला जुन्या गावठाणात, सिंदफणेच्या बाजूला माझ्या पुतण्याचे घर आहे. घर माळवदाचे. मूळ वाड्याच्या वाटण्या होत होत त्याच्या वाट्याला ढाळज, ओसरी, दहा बाय वीस फुटांचे माजघर आणि मागचे स्वयंपाकघर एवढे आले. नवरा-बायको दोघेही तिशीच्या आतबाहेरचे, थोरली मुलगी पाच वर्षांची, धाकटा तेव्हा नऊ महिन्यांचा. बीडची भाड्याची खोली सोडून ते 2023 च्या दिवाळीत घरी परतले. घर नीट करायचे ठरले, तेव्हा त्याने मला बोलावून घेतले. मी जन्मभर बांधकामाच्या नोकरीत होतो, त्यामुळे नातेवाइकांत कुणाचे घर निघाले की मला बोलावणे येतेच.

पुतण्याने वहीत यादी लिहून ठेवली होती. फरशी, छताला पीओपी, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि रंग, धाब्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी, मागच्या मोकळ्या जागेत संडास-न्हाणी. दीड लाखाच्या आसपास रक्कम जमवलेली होती. ‘‘काका, फरशीपासून सुरू करू. पोरगा रांगायला लागलाय,’’ तो म्हणाला.

आम्ही माजघरात उभे होतो. मधल्या तुळईला साडीची झोळी बांधली होती आणि तिच्यात धाकटा झोपला होता. मी सुनेला म्हटले, ‘‘पोराला जरा ओसरीवर घे.’’ मग शिडी मागवली आणि दाभण मागितले.

जुने लाकूड तपासायला दाभणाइतके चांगले हत्यार नाही. तुळई मधोमध ठणठणीत असते. ती कुजते ती टोकाला, जिथे भिंतीत घुसलेली असते. तिथे वारा लागत नाही, ओल मात्र भिंतीतून येत राहते आणि वाळवीही तिथूनच शिरते. मधल्या तुळईच्या उत्तरेकडच्या टोकात दाभण दोन इंच सरळ आत गेले. वरून लाकूड काळेभोर, तुकतुकीत दिसत होते. पीओपी केले असते तर हे टोक पुढची कित्येक वर्षे कुणाच्या नजरेला पडले नसते.

माळवद म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर लिंबाचा पाला आणि त्या पाल्यावर माती. सगळ्यांत वरचा थर खाऱ्या मातीचा. ही माती भिजली की तिचे बारीक कण सुटे होऊन मधली छिद्रे बुजवतात, म्हणून पाणी खाली उतरत नाही. शिवाय क्षारामुळे तिच्यावर गवतही सहसा रुजत नाही. सिमेंट नव्हते त्या काळात आपल्या लोकांनी शोधलेला हा वॉटरप्रूफिंगचा उपाय. बीडच्या एप्रिल-मेच्या उन्हात या धाब्याखाली जो गारवा असतो, तो पत्र्याखाली किंवा उघड्या स्लॅबखाली मिळत नाही. त्यामुळे माळवद मोडा असे मी एकदम म्हणत नाही.

अडचण आहे ती आपल्या सवयीची. मृगाच्या आधी धाबे गळेल या भीतीने चार पाट्या माती वर टाकायची. जुनी काढायची नाही. वर्षाला अर्धा इंच धरला तरी तीस वर्षांत पंधरा इंच होतात. पुतण्याच्या धाब्यावर मी पहारीने खड्डा घेतला तर मधोमध दीड फूट माती निघाली. आता हिशेब करा. दाबून बसलेली कोरडी माती घनमीटरला सुमारे सोळाशे किलो भरते. म्हणजे त्या एका माजघरावर साडेतेरा टन ओझे. हे कोरड्या मातीचे झाले, पावसाळ्यात ते आणखी वाढते. आणि हजार लिटरची टाकी म्हणजे वर आणखी एक टन, तोही एकाच ठिकाणी.

हे ओझे काय करते ते मी किल्लारीला पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला काही मिनिटे बाकी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. जगाच्या मानाने तो भूकंप फार मोठा नव्हता. पण माणसे झोपेत होती आणि डोक्यावर माती होती. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, पण कशा? आतून एक फळी, बाहेरून एक फळी आणि मधे दगडगोटे व माती. दोन्ही फळ्यांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुठेच नाही. धक्का बसला, दोन्ही फळ्या फाकल्या आणि भिंती ढासळल्या. पुष्कळ घरांत भिंती पडून गेल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला, हेही मी तेव्हा पाहिले. ती गोष्ट पुढे उपयोगी पडली.

‘‘पण काका, किल्लारी कुठे, शिरूर कुठे?’’ पुतण्याने विचारले. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, खरे आहे. पण 1993 मध्ये किल्लारीही सरकारी नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होती. 2002 च्या नकाशात तिला वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घातले गेले. आणि भूकंप कशाला हवा? मराठवाड्यात जास्त पावसाच्या वर्षी भिजलेली भिंत रात्री बसली, धाबे खाली आले, अशी बातमी वाचायला मिळतेच.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात जी गावे हलवायची नव्हती तिथे घरे भक्कम करण्यासाठी पैसे मिळत. मी काही वर्षे त्या कामावर होतो. बहुतेकांनी त्या पैशांत जुन्या घराशेजारी एक नवी खोली बांधली. जुने घर होते तसेच राहिले आणि माणसे पुन्हा त्यातच झोपू लागली, कारण नवी खोली उन्हाळ्यात तापायची. मी त्यांना दोष देत नाही. धाब्यावरून माती काढली तर शेजारी विचारतो, काय काम केले? नवी खोली मात्र लांबून दिसते.

तर आम्ही काय केले ते सांगतो. फरशीचे पैसे आधी धाब्यावर लावायचे ठरले. पुतण्या दोन दिवस गप्प होता. सुनेने मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘काम होईपर्यंत मुलं कुठं झोपवू?’’ ओसरीवर पत्रा होता, भिंत एकाच बाजूला. पण पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर धोंडे ठेवले होते, जसे आपल्याकडे सगळेच ठेवतात. ते धोंडे पहिल्या दिवशी खाली उतरवले, पत्रे आकड्यांच्या बोल्टांनी आवळले आणि मुलांची अंथरुणे भिंतीपासून दूर तिथे घातली. पुढे धाबे उघडले त्या आठ दिवसांत मुले आजोळी होती.

काम होळीनंतर काढले. मृगाच्या आत संपवायचे तर हाच हंगाम. शिवाय आपल्या भागातले मजूर ऊसतोडीहून साधारण याच सुमाराला परत येतात. आधी प्रत्येक तुळईखाली बल्ल्यांचे टेकू दिले. मग माती काढायची ती दोन्ही बाजूंनी सारखी, थराथराने. एका अंगाने मोकळे करत गेलात तर भार एकीकडे कलतो आणि सांगाडा पिळवटतो. साडेसात टन माती उतरली, ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या. माती शेतात गेली.

कुजलेले टोक कापून नवी तुळई घालायची तर सगळे धाबे उकलावे लागले असते. त्याऐवजी सुताराने भिंतीलगत, त्या टोकाच्या अलीकडे जिथे लाकूड निबर होते तिथे, दगडी तळखड्यावर नवा खांब उभा केला. आता तुळईचा भार भिंतीवर नाही, खांबावर आहे. मग खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यात तिरका लाकडी आधार बोल्टने आवळून बसवला. सांगाडा चौकटीसारखा असतो, ढकलला की तिरपा होतो. कोपऱ्यात तिरकस पट्टी मारली की होत नाही. बाजेचा पाय डुगडुगायला लागला की आपण हेच करतो.

वर पुन्हा माती घातली ती आठच इंच. आधी चार इंच, मग जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच, वरून खारी माती, आणि सगळ्याला पन्हाळीकडे नीट उतार. आठ इंचांहून जास्त माती ठेवायची नाही, हा किल्लारीनंतरच्या दुरुस्तीतला नियम. घरातल्या सगळ्यांना मी तो पाठ करून घ्यायला लावला. गळाले तर तिथली माती काढून पुन्हा चोपायची, वर नवी पाटी टाकायची नाही.

भिंतींचे काम किचकट. पश्चिमेच्या भिंतीला पोट आले होते. ओळंबा धरला तर मधे तीन इंच बाहेर. तेवढा भाग उतरवून नव्याने रचला. बाकीच्या भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड हळूच हलवून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. पुरातन भिंतीला टाके घालण्याचाच हा प्रकार. घणाचा दणका द्यायचा नाही आणि एक भोक भरून घट्ट झाल्याशिवाय शेजारचे उघडायचे नाही. गवंड्याला ही सबुरी मानवत नव्हती. त्याच्या हिशेबाने मी चार दिवस फुकट घालवले.

सिमेंटचा गिलावा मी करू दिला नाही. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला तो काही वर्षांपूर्वी झालेला होता आणि फुगून पोपडे निघत होते. मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते. बाहेरून सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते, माती मऊ पडते. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो. चुना-वाळू एकास तीन, सावकाश वाळवायचा. ते जमत नसेल तर मातीचे लिंपण आणि वरून चुन्याची सफेदी पुरते.

स्लॅबबद्दल मला नेहमी विचारतात. चार इंचांचा स्लॅब दीड फूट मातीपेक्षा हलकाच भरतो. पण लोक काय करतात, लाकडी खांब काढून टाकतात आणि स्लॅब त्याच मातीच्या भिंतींवर ठेवतात. ज्या भिंतींनी कधी एवढा भार घेतला नाही, त्यांच्यावर अख्खे छत येते. स्लॅब घालायचा तर पायापासून नवे बांधकाम करा. तुळया निम्म्याहून अधिक पोखरल्या असतील तर मीही हेच सांगतो, तिथे आठवणी जपण्यात अर्थ नाही.

टाकी अंगणात विटांच्या ओट्यावर गेली. संडास दोन खड्ड्यांचा, घराच्या भिंतीपासून लांब काढला, न्हाणीचे पाणी पन्हाळीच्या पाण्यासह नालीने बाहेर सोडले. भिंतीच्या बुडाशी पाणी मुरले की वरचे सगळे काम पाण्यात जाते. विजेच्या तारा जुन्या लाकडी पट्टीवर होत्या, त्या बदलून अर्थिंग केले आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला, कारण ओल्या भिंतीला हात लावणारे पोर पायांत काही घालत नाही. धाब्याच्या कडेला कमरेइतका कठडा हवा होता. विटांचा म्हणजे पुन्हा वजन, म्हणून पाइपाचा केला. भिंतीतले बळद धान्यासाठी ठेवले, पण त्याला झाकण आणि कडी लावली. पाच वर्षांची मुलगी लपाछपीत आधी तिथेच शिरायची.

एवढ्यावर पैसे संपले. फरशी 2024 मध्ये झाली नाही, 2025 मध्येही नाही. रांगणारा मुलगा सारवलेल्या जमिनीवरच चालायला शिकला.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आपल्याला आठवत असेल. सिंदफणेलाही पूर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला तो सुनेने घेतला. सगळे माजघरातच झोपले होते. ‘‘ईशान्येच्या कोपऱ्यात टिपटिप चालू आहे, काका, खाली पातेलं ठेवलंय.’’ दिवाळीत जाऊन पाहिले तर तिथे प्लास्टिकच्या कागदाचा जोड उलटा पडला होता, वरचा पदर खाली गेलेला. ती चूक माझ्या देखरेखीतली. तेवढी वावभर माती काढून जोड सरळ केला आणि जितकी काढली होती तितकीच परत घातली.