संकेतस्थळ, पदवी आणि महापंगत

संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय करायचा असेल, तर संगणकशास्त्राची पदवी घेतलीच पाहिजे का? हा प्रश्न वर्गात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण हिवरा आश्रमच्या महापंगतीकडे पाहू.

विवेकानंद जयंती महोत्सवात येथे लाखो भाविक ओळीने बसून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद घेतात. घरी दहा पाहुण्यांना वाढायला दोन हात पुरतात. येथे मात्र ओळी आखाव्या लागतात आणि ट्रॅक्टरमधून वाढप करावी लागते. जेवण तेच; पण संख्या वाढली की रीत बदलावी लागते.

संकेतस्थळाचेही असेच आहे. शाळेची माहिती देणारे साधे पान सरावाने कोणालाही करता येईल. आता दहावीच्या निकालाचे उदाहरण घ्या. राज्यात सुमारे १५ लाख विद्यार्थी परीक्षेला बसतात. तुमचा बैठक क्रमांक यादीच्या आरंभापासून शोधत गेल्यास सरासरी साडेसात लाख नोंदी तपासाव्या लागतील. परंतु यादी क्रमवार असेल, तर प्रथम मधली नोंद पाहावी. आपला क्रमांक तिच्याहून मोठा असेल, तर पहिला अर्धा भाग सोडून द्यावा; लहान असेल, तर दुसरा. उरलेल्या भागाचे पुन्हा तसेच करावे. १ ही संख्या २१ वेळा दुप्पट केली की २०,९७,१५२ होते. म्हणून १५ लाखांत हवी ती नोंद जास्तीत जास्त २१ तपासण्यांत सापडते!

गंमत अशी, की ५० नोंदींवर चाचणी घेतली तर दोन्ही रीती सारख्याच जलद वाटतात. फरक कळतो तो निकालाच्या दिवशी. तो आधीच ओळखण्याची दृष्टी संगणकशास्त्र देते.

मग पदवी अनिवार्य आहे का? नाही. १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. उलट, पान लहान मोबाइलवर नीट वाचता येते का, वापरणारा कोठे अडखळतो, हे पदवीधरालाही कामातूनच शिकावे लागते. तेव्हा पदवी परवडत नाही म्हणून खेड्यातील मुलाने निराश होऊ नये; मात्र शास्त्र टाळूही नये. शास्त्र पुस्तकातूनही शिकता येते.

आरंभ आजच करा. मित्राला १ ते १०० मधील एक संख्या मनात धरायला सांगा. ‘ती ५० पेक्षा मोठी आहे का?’ अशा प्रकारचे फक्त ७ प्रश्न विचारून ती ओळखा. सातच का पुरतात, याचा विचार करा.