‘गो-अराउंड’ म्हणायची हिंमत: दोन विमान अपघात आणि आपला धंदा



आजचा विषय बघून काही जण म्हणतील, सर, आम्ही दुकान चालवतो, विमान नाही. बरोबर आहे. पण निर्णय कसा चुकतो हे समजून घ्यायचं असेल, तर विमान अपघातांच्या चौकशी अहवालांसारखं दुसरं शिक्षण नाही. तिथे शेवटच्या मिनिटापर्यंत कोण काय बोललं, कोणी ऐकलं, कोणी ऐकलं नाही, हे सगळं रेकॉर्ड झालेलं असतं. आपल्या धंद्यात असा ब्लॅक बॉक्स नसतो. म्हणून आपण नंतर म्हणतो, ‘मार्केटच खराब होतं.’

मंगळूर, २२ मे २०१०

दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. आत १६६ माणसं. सकाळी सहाच्या सुमाराची वेळ. मंगळूरची धावपट्टी टेकडीवर आहे, तिला टेबलटॉप म्हणतात. म्हणजे धावपट्टी संपली की पुढे उतार आणि दरी.

कॅप्टनकडे दहा हजार तासांहून जास्त उड्डाणाचा अनुभव होता. पण त्या प्रवासात ते बराच वेळ झोपले होते. झोपेतून उठल्यावर डोकं लगेच पूर्ण चालत नाही, हे आपणही अनुभवतो. त्यात विमानतळाचं एक रडार बंद असल्यामुळे खाली उतरायची परवानगी उशिरा मिळाली. परिणाम असा की, उतरताना विमान जिथे असायला हवं होतं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं.

अशा वेळी नियम एकदम साधा आहे: लँडिंग सोडून द्या, विमान पुन्हा वर न्या, एक चक्कर मारा आणि नव्याने या. यालाच ‘गो-अराउंड’ म्हणतात. को-पायलटने तीन वेळा गो-अराउंड सुचवलं. कॉकपिटमधली यंत्रणाही धोक्याच्या सूचना देत होती. तरीही कॅप्टनने उतरणं चालू ठेवलं.

८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं. मग वेग कमी करण्यासाठी इंजिनाचे रिव्हर्सर लावले. आणि त्यानंतर पुन्हा उड्डाण करायचा प्रयत्न केला. रिव्हर्सर लावल्यावर पुन्हा उडायचं नसतं, थांबायचंच असतं. म्हणजे जो निर्णय हवेत असताना बरोबर होता, तोच जमिनीवर आल्यावर घातक ठरला. १५८ माणसं गेली. आठ वाचली.

इथे मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तीन वेळा सांगणाऱ्या को-पायलटने कंट्रोल स्वतःच्या हातात का घेतला नाही? चौकशी अहवाल म्हणतो की को-पायलटला गो-अराउंड करायचा नेमका किती अधिकार आहे, याबद्दलच्या सूचनांमध्ये बहुधा संदिग्धता होती. म्हणजे माणूस बरोबर होता, बोललाही होता. पण बोलण्याच्या पुढे काय करायचं, हे स्पष्ट ठरलेलं नव्हतं.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०

दहा वर्षांनी त्याच कंपनीचं विमान, पुन्हा दुबईहून, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. कोविडच्या काळात परदेशात अडकलेल्या लोकांना घरी आणणारं हे विमान होतं. आत १९० जण.

कॅप्टन दीपक साठे. आईवडील आपल्या नागपूरला, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, हवाई दलात विंग कमांडर, यांचाही अनुभव दहा हजार तासांच्या वर. हे मुद्दाम सांगतोय. कारण ‘चूक बेजबाबदार माणूसच करतो’ हा समज डोक्यातून काढायचा आहे.

त्या संध्याकाळी जोराचा पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि त्यांनी गो-अराउंड केलं. निर्णय अगदी योग्य. पण दुसऱ्या प्रयत्नात धावपट्टीच्या उलट बाजूने उतरायचं ठरलं आणि तिकडून वारा पाठीमागून येत होता. ओली धावपट्टी, पाठीमागून वारा. विमान धावपट्टीच्या जवळपास निम्म्यावर जाऊन टेकलं. को-पायलटने गो-अराउंड म्हटलं, पण कंट्रोल घेतला नाही. विमान पुढे दरीत कोसळून तुटलं. दोन्ही पायलट धरून २१ जण गेले.

इंधन पुरेसं होतं. दुसऱ्या विमानतळावर जायचे पर्याय होते. मग तिथेच उतरायचा अट्टहास का? अहवालात एक गोष्ट नोंदवली आहे: कोझिकोडला कॅप्टनची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाइटवर याच कॅप्टनची ड्यूटी होती. दुसरीकडे उतरले असते तर उद्याचं वेळापत्रक कोलमडलं असतं.

जरा थांबा आणि विचार करा. उद्याचं काम अडू नये, या ओढीने आजचा निर्णय वाकला. आपल्यापैकी कोणाचं हे झालेलं नाही?

नियम माहीत असतो, मग पाळला का जात नाही?

लँडिंगचा नियम साधारण असा आहे: ढग असतील तर जमिनीपासून १,००० फुटांवर आणि हवा स्वच्छ असेल तर ५०० फुटांवर येईपर्यंत विमानाचा वेग, उतरण्याचा दर, दिशा, चाकं सगळं जागेवर हवं. नसेल तर गो-अराउंड. चर्चा नाही.

तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, जगभरात अशा बिघडलेल्या स्थितीत खाली येणाऱ्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के विमानं तशीच उतरवली जातात. कारण बहुतेक वेळा निभावून जातं. आणि निभावलं की माणसाला वाटतं, आपल्याला जमतं. नियम मोडल्याची शिक्षा क्वचितच मिळते, पण तेव्हा ती पूर्ण मिळते.

म्हणूनच हे फाउंडेशन विमान कंपन्यांना सांगतं की गो-अराउंड केलेल्या पायलटला दोष देऊ नका. इंधन जास्त लागलं, उशीर झाला, तरी चालेल.

आता माझं सांगतो

२०१९ मध्ये मी दुसरं दुकान काढलं. तीन लाख डिपॉझिट, वर फर्निचर. माझ्या काउंटरवरच्या ताई मला तीन वेळा बोलल्या. पहिल्यांदा, ‘दादा, जुनी उधारी अजून आलेली नाही.’ मग, ‘दादा, तिकडे दुपारनंतर गिऱ्हाईक दिसत नाही हो.’ आणि शेवटी, ‘दादा, दिवाळीनंतर बघू या का?’ मी तिन्ही वेळा हसून ‘बघू’ म्हणालो. उद्घाटनाची पत्रिका छापली होती ना! अकरा महिन्यांत दुकान बंद केलं. हिशोब केला तेव्हा चार लाख वीस हजार गेले होते.

धंद्यात जीव जात नाही, पैसे जातात, त्यामुळे तुलना तेवढ्यापुरतीच. पण ताईंचं ‘दिवाळीनंतर’ हे माझं गो-अराउंड होतं, आणि मी ते ऐकलं नाही.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. तुम्हीही करा.

१. तुमचे ‘५०० फूट’ आधी लिहून ठेवा. नवीन दुकान, मशीन, मोठी ऑर्डर, काहीही असो. ‘या तारखेपर्यंत उधारी एवढी वसूल झाली नाही, तर पुढे जायचं नाही,’ असं आकड्यात लिहा. आणि डोकं शांत असताना लिहा. पत्रिका छापल्यावर लिहिलेला नियम आपण आपल्याच सोयीने वाकवतो.

२. बोलणाऱ्याला अधिकारही द्या. ‘काही वाटलं तर सांग’ एवढं पुरत नाही, मंगळूरने तेच दाखवलं. आमच्याकडे आता पन्नास हजारांवरच्या खरेदीला ताईंची सही लागते. त्यांनी सही केली नाही तर ऑर्डर त्या दिवशी जात नाही. मालक मी असलो तरी.

३. माघार घेणाऱ्याची चेष्टा करू नका. घरात, मित्रांत, स्टाफमध्ये. ‘घाबरला’ हा शब्द एकदा ऐकला की माणूस पुढच्या वेळी निमूटपणे चुकीच्या ठिकाणी उतरतो.

गो-अराउंड म्हणजे प्रवास रद्द नाही. विमान वर जातं, चक्कर मारतं आणि पुन्हा येतं. नाहीच जमलं तर शेजारच्या शहरात उतरतं. प्रवासी वैतागतात, पण रात्री घरी पोचतात.

तुमच्या धंद्यात सध्या असा कोणता निर्णय चालू आहे, आणि त्याचे ‘५०० फूट’ काय आहेत? कमेंटमध्ये आकड्यासकट लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही आपण एकत्र बघू.