सूर थांबत नाही तेव्हा

पियानोत सूर कसा निघतो, हे सांगायला सगळे उत्सुक असतात. तो थांबतो कसा, हे मात्र बिघाड झाल्याशिवाय कुणी विचारत नाही. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला, त्यातही सूर थांबवायची सोय होतीच.

ग्रँड पियानोचं झाकण उघडलं की तारांवर बसलेली काळ्या ठोकळ्यांची रांग दिसते. ते सूर थांबवणारे डॅम्पर. ठोकळ्याखाली फेल्ट असतं आणि ठोकळ्यातून एक बारीक सळई तारांमधून खाली उतरते. पट्टी दाबली की तिचं मागचं टोक सळईखालच्या दांडीला उचलतं. सोडली की सारं आपल्याच वजनाने खाली येतं. उभ्या पियानोत मदतीला स्प्रिंग असते, इथे नसते. म्हणून जरासं घर्षणही डॅम्परला अधांतरी ठेवायला पुरतं. तारसप्तकाकडच्या शेवटच्या वीसेक पट्ट्यांना डॅम्परच नसतात. तिथल्या आखूड तारा आपणहून लवकर गप्प होतात. तिथला सूर रेंगाळला तर तो दोष नव्हे.

सूर थांबेना की पहिला संशय फेल्टवर जातो, आणि बहुतेक वेळा फेल्ट बिचारं निर्दोष असतं. वाजत्या सुराच्या डॅम्परवर वरून बोट टेकवून बघावं. सूर लगेच थांबला तर फेल्ट ठीक आहे, डॅम्पर पुरता खाली येत नाही एवढंच.

मग अडलंय कुठे? पट्ट्या आणि हातोड्यांचा अख्खा सांगाडा ड्रॉवरसारखा पुढे ओढून काढता येतो. ओढताना एक जरी पट्टी दाबली गेली तरी तिची हातोडी वर उठून अडकते आणि तिची दांडी कडकन मोडते. हे काम घाईचं नाही. सांगाडा निघाला की डॅम्पर जागच्या जागीच राहतात. आता सळईखालची दांडी बोटाने उचलून सोडावी. डॅम्पर झटकन पडला तर दोष पट्टीत. रेंगाळत उतरला तर सळई वाकली आहे, किंवा ती ज्या भोकातून जाते तिथलं कापडी बुश फुगलं आहे. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात हे दुसरं कारण आधी तपासावं.

इथे घरगुती हात शिलाई मशीनच्या तेलाकडे जातो. त्याला आवरा! कापड तेल पितं, धूळ धरतं आणि सळई पूर्वीपेक्षा घट्ट बसते. सळई बाहेर काढून स्वच्छ घासावी, बुश हलक्या हाताने मोकळं करावं. मात्र सळई धरणारा स्क्रू सैल करण्याआधी तिच्या उंचीची खूण करून ठेवावी. उंची चुकली की डॅम्पर एक तर लवकर उठतो, नाही तर उशिरा. हातोडी तारेच्या अर्ध्या वाटेवर असताना तो उठायला लागावा, असं साधारण माप आहे. ठोकळा थोडा फिरला तरी पाचरीसारखं कापलेलं फेल्ट शेजारच्या तारेला घासतं.

सगळेच सूर थोडे थोडे रेंगाळत असतील तर एकेका डॅम्परच्या मागे लागू नये. सगळे डॅम्पर एकदम उचलणाऱ्या पेडलच्या दांड्याला किंचितही ढील उरलेली नसते, त्यामुळे सगळी रांग केसभर वर राहते. ती ढील द्यावी. मग मंद्रात एक भरघोस कॉर्ड वाजवून, पेडल दाबलेलं ठेवून पट्ट्यांवरचे हात उचलावेत आणि पेडल अगदी सावकाश सोडावं. जो डॅम्पर मागाहून टेकतो, त्याचा सूर एकटा उरतो.