सहाशे सहासष्टचा हिशेब

शिष्यवृत्ती परीक्षेची प्रवेशपत्रे वाटली त्या दिवशी मुळशी तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवीची एक मुलगी रडत बसली. तिच्या बैठक क्रमांकाच्या शेवटी ६६६ आले होते. वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेले तिला ऐकवले होते: हा सैतानाचा आकडा आहे, दज्जाल आला की लोकांच्या कपाळावर हाच मारणार. मुलगी ख्रिस्ती, मुलगा आपला. दोघांचे वडील पिरंगुटच्या एकाच कारखान्यात कामाला. मुलीने परीक्षेला बसणारच नाही म्हणून हट्ट धरला, तेव्हा आम्हाला या आकड्याच्या मुळाशी जावे लागले.

हा आकडा कुरआनात नाही, हदीसमध्येही नाही. तो आहे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ज्याला मराठीत ‘प्रकटीकरण’ म्हणतात. त्याच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून सात डोक्यांचे, दहा शिंगांचे श्वापद वर येते. अध्यायाच्या शेवटी वाचकाला सांगितले आहे की, ज्याला समज आहे त्याने या श्वापदाच्या संख्येचा हिशेब करावा, कारण ती एका माणसाची संख्या आहे. म्हणजे पुस्तक घाबरायला सांगत नाही, बेरीज करायला सांगते.

ही बेरीज उर्दू-अरबी जाणणाऱ्या घराला परकी नाही. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजदप्रमाणे बेरीज ७८६ होते, हे आपल्याकडे रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. (७८६ लिहिणे म्हणजे बिस्मिल्लाह म्हणणे नव्हे, असे अनेक आलिम सांगतात, पण तो वेगळा विषय.) हिब्रू अक्षरांनाही अशीच किंमत असते आणि क्रमही जवळजवळ तोच. आम्ही मधल्या सुटीत दोघांना बोलावले. मुलगा संध्याकाळी मकतबला जातो, अक्षरे त्याला येतात. फळ्यावर ‘नेरॉन कैसर’ हे नाव हिब्रूच्या पद्धतीने मांडले: नून ५०, रे २००, वाव ६, नून ५०, पुढे क़ाफ १००, सीनच्या जागेचे सामेख ६०, रे २००. बेरीज त्यानेच केली. ६६६.

नेरॉन, म्हणजे नीरो, हा रोमचा बादशहा. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले, त्याचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्याने त्यांना हालहाल करून मारले. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ऐवजी ६१६ आहे. नावातला शेवटचा नून गाळला की पन्नास कमी होतात आणि ६१६ उरतात. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती अभ्यासक श्वापद म्हणजे जुलमी रोमन सत्ता असाच अर्थ लावतात. पुढे सतराव्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर असा खुलासा आहे आणि रोम सात टेकड्यांचे शहर. उघड नाव घेतले तर जीव जायचा, तिथे माणूस खुणेनेच बोलणार.

लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, चहूकडे समुद्र. त्याच्या नव्या जगात समुद्रच नाही. समुद्राने त्याचे काय बिघडवले, हे आमच्या मुळशीकरांना फोड करून सांगावे लागत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांची शेते टाटांच्या धरणाखाली गेली, ज्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्यांना पाणी म्हणजे काय ते माहीत आहे.

सगळे ख्रिस्ती मात्र असे वाचत नाहीत. कोणी ही चित्रे अजून यायच्या काळाची मानतात, कोणी प्रत्येक युगातल्या सत्य-असत्याच्या झगड्याची. कोणी त्यांत सगळा इतिहास ओळीने शोधतात. या शेवटच्या पंथातल्या अनेकांना नवव्या अध्यायातले टोळ म्हणजे अरब मुसलमान वाटले, घोडेस्वार म्हणजे तुर्क. आपले पूर्वज असे टोळ झाले! अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानीएलच्या पुस्तकातले २३०० दिवस वर्षे धरून हिशेब केला. त्यावरून त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. कित्येकांनी शेतातले पीक तसेच उभे ठेवले. दिवस उजाडला आणि मावळला. त्यांच्यातूनच पुढे ॲडव्हेंटिस्ट पंथ निघाला. पुण्यात १९४२ पासून असलेली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. त्या तारखेला घडले ते पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात, असा अर्थ त्यांनी नंतर लावला.

त्यांना हसण्याआधी आपल्या घरातले मोबाइल उघडून पाहावेत. नोटेवर एक डोळा दिसला की दज्जाल, कुठे लढाई पेटली की याजूज-माजूज. कयामतची घडी केवळ अल्लाहलाच ठाऊक, हे सूरह आराफमध्ये स्पष्ट आहे. हजरत ईसा (अलै.) यांच्या तोंडी मत्तयच्या चोविसाव्या अध्यायातही तेच आहे, की तो दिवस कोणालाही माहीत नाही. आपण हजरत ईसा (अलै.) यांच्या पुन्हा येण्यावर ईमान ठेवतो, तेही ठेवतात. एवढी मोठी गोष्ट सामाईक असताना आपल्या मुलाने त्यांच्या मुलीला तिच्याच किताबातल्या आकड्याने रडवावे, याची आम्हाला लाज वाटली. त्याच्या वडिलांना वाटली की नाही, कळले नाही. ते म्हणाले, “मुलं आहेत, चालायचंच.”

मुलगी परीक्षेला बसली. गणितातले दोन प्रश्न वेळेअभावी राहिले म्हणाली. मुलगा हल्ली दिसेल त्याच्या नावाची बेरीज करत सुटला आहे. मुख्याध्यापक हजाराच्या वर गेले म्हणे.