आजी जेवत नाहीत? आधी तोंडात पाहा

परवा बदनापूरकडच्या एका खेड्यातून मुलगा आपल्या आईला दवाखान्यात घेऊन आला. वय 75 च्या पुढे. “डॉक्टरसाहेब, माय 4 दिवसांपासून भाकरीला तोंड लावत नाही. घास भरवला की हात झटकते, शिव्या देते. डोकं अजूनच फिरलं वाटतं.” आजींना स्मृतिभ्रंश आहे, हे मला ठाऊक होते. अशा वेळी भुकेचे औषध आणि झोपेची गोळी लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पूर्वी एका गृहस्थांच्या बाबतीत मी तेच केले. त्यांच्या दाढेखाली गळू झाले होते, हे गाल सुजल्यावर कळले. तेव्हापासून आधी बॅटरी घेऊन तोंडात पाहतो. या आजींची खालची दाढ तुटून तिची धार जिभेला घासत होती. जिभेला चांगलीच जखम झाली होती.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वेदना होतात, पण ‘दात दुखतो’ हे सांगता येत नाही. मग तो सारखा गालाला हात लावतो, चहा नाकारतो, एकाच बाजूने चावतो, कवळी काढून फेकतो. आपण म्हणतो, म्हातारपणाचा हट्ट!

या आजारात दात घासण्याचे भान राहत नाही, घास गालात तसाच राहतो. झोपेच्या व मानसिक आजाराच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि दातांचे रक्षण लाळच करीत असते. त्यात दिवसभर गोड चहा आणि बिस्किटे. गिळण्याची क्रिया मंदावलेली असेल तर तोंडातले जंतू श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून दात नसले तरी हिरड्या व जीभ रोज ओल्या स्वच्छ कापडाने पुसाव्यात.

घासायचे कसे? सून म्हणाली, ब्रश दिसला की आजी तोंड मिटतात. मी विचारले, पूर्वी मिश्री लावायच्या का? जन्मभर! मग आजींच्या बोटावर थोडी पेस्ट देऊन पाहायला सांगितले. बोट आपसूक हिरड्यांवर फिरू लागले. माणसांची नावे विसरली तरी हाताची जुनी सवय पुष्कळदा टिकते. त्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश हातात द्यावा आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून फिरवावा. (मिश्री मात्र देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा जखम 2 आठवड्यांत बरी झाली नाही तर तपासणी हवीच.)

रुग्णाला ताठ बसवावे, आडवे करून तोंडात पाणी घालू नये. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. आपले बोट दातांच्या मध्ये घालू नये, कडकडून चावा बसतो. तोंड उघडत नसेल तर झटापट न करता अर्ध्या तासाने पुन्हा यावे. बरेच रुग्ण संध्याकाळी जास्त बेचैन होतात, तेव्हा शांत वेळ निवडावी. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते. एक-दोन दातांची सैल कवळी गिळली जाण्याची भीती असते, ती दंतवैद्याकडून ठीक करून घ्यावी.

आजार नुकताच सुरू झाला असेल तर आताच दंतवैद्याकडे जावे. किडलेले दात भरणे, खुंट काढणे ही कामे रुग्णाला सांगितलेले समजते तोवर सोपी असतात. पुढे त्याला खुर्चीत बसवणेही कठीण जाते. अवघड काम असेल तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. जाताना सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करण्याची गोळी मनाने बंद करू नये.

आजींच्या दाढेची धार इथल्याच दंतवैद्यांनी घासून दिली. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, मायने दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. शिव्याही जरा कमी आहेत, म्हणाला.